लोणकढी थाप आणि वाद्याचा पुरावा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपण एका संगीतवर्गाच्या वार्षिक अंकाचे संपादन करता. गेल्या अंकात आपण वाद्ये आणि वादक यांच्याविषयी गमतीने रचलेल्या बनावट माहितीचे एक पान दिले होते आणि त्यातल्या तीन ओळी प्रश्नासोबत कळवल्या आहेत: 'व्हायोला हेच मूळ वाद्य होते, ते धुतल्यावर आटले आणि त्याचे व्हायोलिन झाले', 'ट्रँगलचा एक कोपरा उघडा ठेवतात, कारण तो बंद असता तर आवाज आतच अडकून राहिला असता' आणि 'नियमित बासरी वाजवणाऱ्याला सर्दी होत नाही'. (व्हायोला हे व्हायोलिनसारखेच, पण थोडे मोठे आणि खालच्या स्वरांचे वाद्य; ट्रँगल म्हणजे त्रिकोणात वाकवलेली धातूची दांडी, जी ठोकून वाजवतात.) पहिल्या ओळीला सगळे हसले, दुसरी अनेकांनी खरी मानली, आणि तिसऱ्या ओळीचे छायाचित्र काढून कोणीतरी ते नातेवाइकांना पाठवले. असे पान यंदा पुन्हा द्यावे का, आणि दिल्यास कसे लिहावे, असे आपण विचारले आहे.

पान जरूर द्यावे, असे माझे मत आहे. मी 26 वर्षे संगीत शिकवत आलो आहे आणि त्यातली बरीच वर्षे मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका व विद्यार्थ्यांसाठीच्या प्रश्नमंजूषा लिहीत आहे. प्रत्येक पत्रिकेत एखादी लोणकढी थाप असावी असा माझा आग्रह असतो, कारण वाद्याविषयी हसलेला विद्यार्थी त्या वाद्याकडे पुन्हा एकदा नीट पाहतो, आणि तसे पाहायला लावणे सरळ माहितीच्या परिच्छेदाला क्वचितच जमते.

खरा प्रश्न मात्र आपण विचारला त्याहून थोडा वेगळा आहे. ओळ विनोदी कशी करावी ही आपली अडचण नाही. आपल्या तिन्ही ओळी विनोदी आहेत. अडचण पुराव्याची आहे. ही थाप आहे हे वाचकाने कशावरून ओळखायचे, आणि ते ओळखण्याचे साधन ओळ वाचताना त्याच्या हाताशी असते का, हे दोन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावे लागतात. पहिला प्रश्न बहुतेक लेखक स्वतःला विचारतात. दुसरा राहून जातो.

हा फरक संगीताच्या इतिहासातल्या दोन थापांवरून स्पष्ट होतो. अमेरिकन संगीतकार पीटर शिकेली यांनी पी. डी. क्यू. बाख नावाचा एक काल्पनिक रचनाकार निर्माण केला, त्याला थोर जर्मन रचनाकार बाखच्या घराण्यात बसवले आणि 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याच्या नावावर जाहीर मैफल केली. या रचनाकाराचा जीवनकाल शिकेली 1807 ते 1742 असा सांगत. ज्याला वजाबाकी येते त्या प्रत्येकाला हा माणूस जन्मण्याच्या 65 वर्षे आधी मेला हे लगेच कळते आणि तिथेच हसू फुटते. संगीताचे काहीही ज्ञान नसले तरी चालते.

याउलट रूपर्ट ह्यूज यांच्या 1903 च्या संगीतकोशातला शेवटचा शब्द पाहा. झेड, झेड, एक्स, जे, ओ, ए, एन, डब्ल्यू अशा अक्षरांचा हा शब्द न्यूझीलंडमधल्या माओरी भाषेतला असून त्याचा उच्चार 'शॉ' आणि अर्थ ढोल, मुरली व संभाषण असा आहे, असे तिथे छापले होते. ही थापसुद्धा स्वतःचे खंडन पोटात घेऊनच आली होती, कारण माओरी भाषेच्या लिपीत झेड, एक्स आणि जे ही अक्षरेच नाहीत. पण कोश चाळणाऱ्या इंग्रजी वाचकाला माओरी कुठून येणार? परिणामी सत्तर वर्षांहून अधिक काळ हा शब्द विचित्र शब्दांच्या संग्रहांत खरा म्हणून फिरत राहिला. पुरावा थापेत होता, वाचकापाशी नव्हता.

जाणकारही यातून सुटत नाहीत. 'द न्यू ग्रोव्ह' या संगीतकोशाच्या 1980 च्या आवृत्तीत गुल्येल्मो बाल्दिनी आणि दाग हेन्रिक एस्रुम-हेलेरुप या दोन संगीतकारांची चरित्रे छापली गेली. दोघेही कधी अस्तित्वात नव्हते. दुसऱ्याचे आडनाव डेन्मार्कमधल्या ठिकाणांच्या नावांवरून जुळवले होते, म्हणजे ज्याला तो भूगोल माहीत त्यालाच खूण पटावी अशी सोय होती. पुढच्या मुद्रणांत या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. विद्वानांच्या वर्तुळातल्या विनोदाला माझा विरोध नाही. पण आपला अंक विद्यार्थी, पालक आणि शिक्षक असे सगळेच वाचतात, तेव्हा त्यातल्या सर्वांत कमी माहिती असलेल्या वाचकाच्या हाती थापेची किल्ली असली पाहिजे.

आता आपल्या तीन ओळींकडे येतो. व्हायोलाची ओळ जमली, कारण लाकडी वाद्य कोणी कपड्यासारखे धूत नाही आणि ते सदऱ्यासारखे आटत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण मला ती ओळ आवडली ती आणखी एका कारणासाठी. 'व्हायोलिनो' या इटालियन शब्दाचा अर्थच 'लहान व्हायोला' असा आहे. नावापुरते बोलायचे तर व्हायोलिन खरोखरच व्हायोलापासून लहान होऊन आले आहे. त्याहून रंजक भाग मापांचा आहे. व्हायोलिनच्या खोक्याची लांबी साधारण 35.5 सेंटिमीटर असते. व्हायोलाच्या तारा त्याच्यापेक्षा एका पंचमाने खाली लावतात, म्हणजे कंपनसंख्येचे गुणोत्तर तीनास दोन असे पडते. व्हायोलिनच्या खोक्याचे त्याच्या तारांशी जे प्रमाण आहे तेच व्हायोलाला द्यायचे असेल, तर त्याचे खोके दीडपट, म्हणजे सुमारे 53 सेंटिमीटर लांब करावे लागेल. तेवढे वाद्य हनुवटीखाली धरून वाजवणे माणसाच्या हाताला शक्य नाही. म्हणून कारागीर ते साधारण 40 ते 42 सेंटिमीटरवर आणून थांबतात. खोके स्वरांच्या मानाने लहान राहिल्यामुळे त्याचा अनुनाद तारांच्या तुलनेत वर सरकतो, आणि व्हायोलाचा तो काहीसा झाकलेला, किंचित अनुनासिक, गडद आवाज तयार होण्यात याचा मोठा वाटा आहे. तेव्हा आटलेले वाद्य व्हायोलिन नसून व्हायोलाच आहे! आपल्या ओळीखाली ही चार वाक्ये दिली असती, तर हसलेला वाचक आयुष्यभर व्हायोला वेगळ्या कानाने ऐकता. चांगल्या थापेची माझी कसोटी हीच आहे: ती उलटी करून पाहिली की वाद्याच्या घडणीची एखादी खरी गोष्ट हाती लागली पाहिजे.

ट्रँगलची ओळ फसली, कारण ती सत्याच्या फार जवळ उभी आहे. कोपरा खरोखरच उघडा असतो, तो का उघडा असतो हे बहुतेकांना माहीत नसते, आणि आपण एक कारण गंभीर चेहऱ्याने पुरवले. वाचकाने ते घेतले यात त्याचा दोष नाही. वस्तुतः ट्रँगल ही भरीव दांडी आहे, त्यामुळे आवाज अडकायला तिला 'आत' असे काही नसतेच. वाकवलेल्या दांडीच्या कंपनांतून जे उपस्वर निघतात त्यांचे एकमेकांशी सरळ गुणोत्तर नसते, म्हणून कानाला एक ठरावीक स्वर न लागता चमचमते मिश्रण ऐकू येते आणि ते वाद्यवृंदाच्या कोणत्याही स्वरसंगतीत खपून जाते. ही थाप वाचवायची असेल, तर ती आणखी लांब ओढावी लागेल: 'मैफल संपल्यावर वादक ट्रँगलच्या उघड्या कोपऱ्याला बूच लावतो, म्हणजे उरलेला आवाज पुढच्या मैफलीला कामी येतो'. उरलेला आवाज साठवून ठेवता येत नाही हे सर्वांना कळते. अर्धवट थाप फसवते आणि पुरती थाप हसवते, असा माझा अनुभव आहे; लेखकाचा संकोच हाच इथला मोठा शत्रू असतो.

सर्दीची ओळ मात्र सुधारून घेऊ नये, ती पूर्ण काढून टाकावी. आरोग्याविषयीची बनावट माहिती मी कोणत्याही स्वरूपात लिहीत नाही. ती खरी असावी अशी वाचकाची इच्छा असते, आणि जिथे इच्छा असते तिथे पुरावा कोणी मागत नाही. शिवाय खऱ्या बातम्याही तशाच वाटणाऱ्या असतात. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजेरिडू नावाचे लांब नळीचे वाद्य वाजवतात. ते चार महिने नियमित वाजवल्याने झोपेत श्वास अडण्याचा त्रास कमी झाल्याचा 25 रुग्णांवरील अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 2006 मध्ये खरोखर प्रसिद्ध झाला आहे. हे वाचलेल्या माणसाने बासरी आणि सर्दीवर विश्वास का ठेवू नये? उलट दिशेची हानीही झाली आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1761 मध्ये काचेच्या फिरत्या वाट्यांचे ग्लास आर्मोनिका हे वाद्य बनवले, आणि मोझार्टनेही त्यासाठी रचना केल्या. पण ते वाजवणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे मन बिघडते अशी वदंता पसरली आणि तिने त्या वाद्याच्या लौकिकाला मोठा धक्का दिला.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगणे योग्य होईल, कारण तिच्यातून मी सर्वाधिक शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पत्रिकेत मी लिहिले होते की व्हायोलिनच्या पोटावरची 'एफ' अक्षराच्या आकाराची भोके म्हणजे ती पहिल्यांदा कोरणाऱ्या फ्रान्चेस्को नावाच्या सुताराची सही आहे. मला ते उघडपणे हास्यास्पद वाटले होते. तीन वर्षांनी एका विद्यार्थिनीने तोंडी परीक्षेत हेच वाक्य आत्मविश्वासाने सांगितले आणि तिचे गुण गेले. तिला ते कुठे वाचले हे आठवत नव्हते. माहिती लक्षात राहिली होती, तिच्याभोवतीची गंमत विसरली गेली होती. मी परीक्षकांना भेटून चूक माझी असल्याचे सांगितले, पण गुण परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून मी नावांची आणि उगमांची थाप लिहिणे बंद केले.

नावाच्या उगमाची खोटी कथा सर्वांत चिवट असते. ती छोटी असते, गोड असते आणि खोडून काढायला कोश उघडावा लागतो. तबल्याचेच पाहा. पखवाज तुटला, त्याचे दोन भाग झाले, 'तब भी बोला' म्हणून त्याचे नाव तबला पडले, ही शब्दांची कोटी आजही इतिहास म्हणून सांगितली जाते. तबला हा शब्द ढोलासाठीच्या अरबी 'तब्ल' या शब्दावरून आला आहे. याच परंपरेत तबला आणि सतार या दोन्हींचे जनकत्व अमीर खुस्रो यांना दिले जाते. ते 1325 मध्ये निवर्तले, आणि ही वाद्ये आजच्या रूपाकडे येऊ लागल्याच्या खुणा थेट अठराव्या शतकात मिळतात. कोटी करणाऱ्याने ती कदाचित निर्मळ मनाने केली असेल, पण चार पिढ्यांनंतर तिच्यातला विनोद गळून पडतो आणि उरते ती केवळ चुकीची माहिती.

वादकांविषयी लिहिताना याहून जास्त सावध राहावे लागते, कारण वाद्याची बदनामी होत नाही, माणसाची होते. इटालियन व्हायोलिनवादक पागानीनीने सैतानाशी करार केला आहे अशा कथा त्याच्या हयातीतच रंगवून सांगितल्या जात. तो 1840 मध्ये नीस येथे वारला तेव्हा तिथल्या बिशपने धर्मविधीनुसार दफनाला परवानगी नाकारली, आणि त्याचे अवशेष पार्मा येथील दफनभूमीत विसावायला 1876 साल उजाडले. नकाराचे नेमके कारण त्याने अखेरचा विधी घेतला नाही हे होते, पण आधीच्या वदंतांनी त्याच्याविषयीचे मत कलुषित केलेलेच होते. म्हणून हयात व्यक्ती, कोणाचे मरण, कोणाचे व्यसन आणि कोणाची बुद्धी यांवर मी थाप रचत नाही. वाद्यवृंदात व्हायोला वाजवणाऱ्यांच्या मंदपणावर विनोदांची एक मोठी परंपराच आहे. ते विनोद व्हायोलावादकच सर्वांत चांगले सांगतात आणि त्यांच्याकडेच ते सोपवावेत. वादकावर थाप रचायचीच असेल, तर ती त्याच्या कामावर रचावी: त्याचे उभे राहणे, मोजत बसणे, वाद्य वाहून नेणे. आणि छापण्याआधी ते वाद्य वाजवणाऱ्या एकाला तरी वाचून दाखवावी. तो हसला नाही, तर ओळ बाद.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे की संगीतातले सत्यच पुष्कळदा थापेसारखे असते. फ्रेंच दरबारातला रचनाकार लुली ताल देण्याची जड काठी स्वतःच्याच पायावर आपटून जखमी झाला आणि जखम सडून 1687 मध्ये वारला. थेरेमिन हे वाद्य स्पर्श न करता वाजवतात. मैफलीच्या हार्पला 47 तारा असतात आणि वादकाला जागा सापडावी म्हणून त्यांतल्या काही लाल आणि काही काळ्या रंगवलेल्या असतात. जर्मनीतल्या हाल्बरश्टाट येथे अमेरिकन रचनाकार जॉन केजची एक ऑर्गनरचना 2001 पासून चालू आहे आणि ती 2640 मध्ये संपायची आहे. या चार ओळी आपल्या बनावट पानावर टाकल्या, तर वाचकाची मोजपट्टीच मोडेल: हे खरे असेल, तर बुचाचा ट्रँगल का नसावा? म्हणून खऱ्या नवलकथा आणि थापा एकाच पानावर मिसळू नयेत. मिसळायच्याच असतील, तर प्रश्नमंजूषेचे रूप द्यावे, जिथे ओळखायचे आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य केले पाहिजे. रंगमंचावरून थाप सांगताना आवाज, थांबणे आणि चेहरा मदतीला येतात, आणि निवेदनात मी पुष्कळ सैल सोडतो. छापील ओळ एकटी असते, आणि तिचे छायाचित्र निघाले की 'गंमतपान' हे शीर्षकही तिच्यापासून तुटते. वाचक लहान मुले असतील, तर डोळ्यांनी तपासता येणारी थापच चालते. वाचक सगळे वादक असतील, तर किल्ली थोडी खोल ठेवता येते. उलगडा लांबवणे मात्र कोणत्याही परिस्थितीत धोक्याचे असते. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी स्वतःच्या काही रचना कूपरँ, पुन्यानी अशा जुन्या संगीतकारांच्या नावावर वाजवल्या आणि 1935 मध्ये खरे काय ते सांगितले; तोवर इतकी वर्षे गेली होती की काही समीक्षकांना हसू येण्याऐवजी संताप आला.

माझी कामाची पद्धत अशी आहे. ओळ लिहून झाली की मी ती एका वादकाला आणि संगीताशी संबंध नसलेल्या एका माणसाला देतो, आणि 'हसू आले का' असे न विचारता 'खरे की खोटे' एवढेच विचारतो. दुसरा माणूस क्षणभर जरी घुटमळला, तरी ओळ परत माझ्याकडे येते. जी ओळ टिकते तिच्या लगेच खाली, त्याच चौकटीत, खरी गोष्ट छापतो. शेवटच्या पानावर उत्तरे देण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण छायाचित्र काढणारा शेवटचे पान सोबत पाठवत नाही.

यंदाच्या पानासाठी दोन ओळी मी देऊ करतो. हव्या तशा बदलून घ्याव्यात. पहिली, लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोम या यंत्राविषयी: 'लीप वर्षात मेट्रोनोमला दर तासाला एक ठोका जास्त टाकावा लागतो, नाहीतर सगळी गाणी फेब्रुवारीतच संपतात'. तिच्याखाली लिहावे की मेल्त्सेल यांनी 1815 मध्ये मेट्रोनोमचे पेटंट घेतले, पण त्यातली मूळ युक्ती विंकेल यांना आधीच ॲमस्टरडॅममध्ये सापडली होती: दांडीला आसाच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे वजने लावली की वीतभर दांडीही अगदी सावकाश झुलते. दुसरी: 'आडवी बासरी वाजवताना मान कलती ठेवतात, कारण ती सरळ ठेवली तर खालचे स्वर दुसऱ्या टोकाने सांडतात'. तिच्याखाली सांगावे की ओठांतून निघालेली हवेची पट्टी फुंकण्याच्या छिद्राच्या कडेवर आपटून आत-बाहेर डोलते आणि त्यातून स्वर जन्मतो, म्हणून फुंकरीचा कोन महत्त्वाचा असतो. आणि आवाज केवळ टोकातून नव्हे, तर फुंकण्याच्या छिद्रातून आणि उघड्या बोटछिद्रांतूनही बाहेर पडतो.

तिसरी एक ओळ, डबल बास या उभे धरून वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्यावरची, माझ्या वहीत होती: 'डबल बासला चारच तारा असतात, कारण पाचवी वाजेपर्यंत मैफल संपलेली असते'. ती मी आपल्याला देत नाही. पाच तारांचे डबल बास अनेक वाद्यवृंदांत नेहमी वाजवले जातात, आणि तसे वाद्य ज्याने पाहिलेले नाही त्याला 'चारच' हा शब्द खोटा आहे हे ओळीवरून कधीच कळणार नाही. तो शब्द गाळून ती कशी लिहावी याचा मी अजून विचार करतो आहे; आपल्या वर्गात कोणी डबल बास वाजवत असेल, तर त्यांनाच विचारून पाहावे.